नोकरीसाठी नांदेडहून पुण्यात आलोय. जूनपासून एका संस्थेमार्फत महापालिकेच्या शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांना शिकवायला आठवड्यातून दोन दिवस जाणार आहे. अनुभव नाही. सुरुवात कशी करावी?

पहिला महिना शिकवायची घाई करू नका, आधी मुलं ओळखा. मीही पुण्यात बाहेरूनच आले आणि काही वर्षं महापालिकेच्याच शाळेत जाते आहे, म्हणून ठामपणे सांगते.

वर्ग मराठी माध्यमाचा असला तरी घरी मराठी बोलणारी मुलं कमीसुद्धा असू शकतात. कलबुर्गी, यादगीरकडून बांधकामावर आलेली कुटुंबं असतात, मराठवाड्यातले बंजारा असतात, बिहार-उत्तर प्रदेशातले असतात. कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या गोरमाटी, कुणाच्या हिंदी. तुम्ही नांदेडचे, तेव्हा यातलं बरंच तुमच्या कानावरून गेलेलं असणार. त्याचा उपयोग करा. साइटवरचं काम संपलं की ही कुटुंबं दुसरीकडे हलतात, दिवाळीला गावी गेलेलं मूल कधी कधी महिनाभर उगवत नाही. ते परत आलं की "कुठे होतास इतके दिवस?" असं दरडावू नका. आलंय याचा आनंद दाखवा आणि जिथे सुटलं होतं तिथून धरा.

आता वाचनाचं. चौथीतलं एखादं मूल बालभारतीचा धडा घडाघडा म्हणून दाखवतं, बोटही ओळीवरून फिरत असतं. मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून "हा कोणता रे?" विचारा. ते पुन्हा ओळीच्या सुरुवातीला जातं, मनातल्या मनात म्हणत त्या शब्दापर्यंत येतं आणि मग उत्तर देतं. म्हणजे धडा पाठ आहे, वाचता येत नाही. म्हणून तपासायला कधीही न पाहिलेला मजकूर घ्या. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने 2005 पासून होणाऱ्या 'असर' सर्वेक्षणाची रीत सोपी आहे: अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट, अशा चार पायऱ्या. एकेका मुलाला बाजूला घ्यायचं, पाच मिनिटं पुरतात. इतर मुलांसमोर मात्र नको, अडखळणारं मूल तिथेच मिटून जातं. मग तिसरी-चौथी न बघता, ज्याला जेवढं येतं त्याप्रमाणे गट करा. मुलं सगळ्यात भराभर पुढे सरकताना मी याच पद्धतीत पाहिली आहेत.

हे सगळं वर्गाच्या बाईंना विचारूनच करा. खिचडीची नोंद, ऑनलाइन माहिती भरणं, मतदारयाद्यांचं काम, एवढं सांभाळून त्या शिकवत असतात. "कोणती मुलं मागे पडलीत? मी कुठे बसू?" एवढं पहिल्या दिवशी विचारलंत तरी त्यांना बरं वाटेल. त्यांची एखादी गोष्ट पटली नाही तर मुलांसमोर बोलू नका.

कागदपत्रांत पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा. 2024 च्या बदलापूरच्या घटनेनंतर शाळा याबाबत जास्त काटेकोर झाल्या आहेत आणि ते योग्यच आहे. मुलांना घेऊन बसाल तेव्हा दार उघडं असू द्या किंवा सरळ व्हरांड्यात बसा. त्यांचे फोटो स्टेटसला टाकू नका. गोंधळ कितीही होवो, हात उगारायचा नाही, टाकून बोलायचं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने दोन्हीला मनाई आहे.

ऑफिसात आत्ताच सांगून ते दोन दिवस मोकळे करून घ्या. "दादा सोमवारी येणार" हे मुलं पक्कं लक्षात ठेवतात. जमणार नसेल तर आदल्या दिवशी बाईंना फोन करा, म्हणजे त्या मुलांना सांगू शकतील. जूनच्या आधी वेळ मिळाला तर प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावरच्या मराठी गोष्टी चाळा. फुकट आहेत आणि पातळीनुसार लावलेल्या आहेत. पहिल्या पातळीच्या चार-पाच छापून न्या, दुसऱ्या पातळीच्या दोन पुरेत.