संक्रांतीआधी दात तपासून घ्या, असा घराजवळच्या दाताच्या दवाखान्याचा मेसेज आलाय. खरंच गरज असते की नुसता धंदा?

"नुसता धंदा" हे दोन शब्द वाचले आणि उत्तर लिहायला बसलो. कारण याच दोन शब्दांपायी माझी एक दाढ गेली.

2022 च्या श्रावणात खालच्या उजव्या दाढेचं रूट कॅनाल झालं. आमच्या डोंबिवलीतलाच, घरापासून चार मिनिटांवरचा दवाखाना. तीन खेपा झाल्या, ठणका थांबला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता कॅप बसवून घ्या. तोवर त्या बाजूने कडक काही चावू नका." कॅपचे साडेपाच हजार. मी हो म्हणून घरी आलो आणि त्याच संध्याकाळी ताईकडे जेवायला गेलो. तिथे आमचे भाऊजी. ते बँकेतून निवृत्त झालेत, पण मत देण्यातून अजून नाहीत.

"दुखायचं थांबलं ना?"

"थांबलं."

"मग कॅप कशाला? कॅप म्हणजे टोपी. तुला टोपी घालतायत."

सगळे हसले, मीही हसलो. पुढे दवाखान्यातून दोनदा आठवणीचा मेसेज आला. दिवाळीआधीचा तर अगदी तुम्हाला आलाय तसाच होता. मी तो ताईच्या घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली भाऊजींनी टोपीचं चित्र टाकलं.

2023 ची संक्रांत रविवारी आली, 15 जानेवारीला. पुन्हा ताईकडेच. त्या वर्षी तिने चिक्कीचा गूळ वापरला होता आणि पाक जरा पुढे गेला होता. वडी हातात घेतली तेव्हाच कळलं की ही वडी नाही, फरशी आहे. पण भाऊजींनी स्वतः पुढे केलेली, "गोड बोला" म्हणत. चावलो. 'कट्' असा आवाज आला. मला वाटलं वडी तुटली.

वडी शाबूत होती.

रविवार, त्यात सण, त्यामुळे दवाखाना बंद. रात्री लवंगेच्या तेलाचा बोळा इतका वेळ धरून ठेवला की हिरडी भाजून पांढरी पडली (हे करू नका). नस काढलेली असताना दुखतंय काय, हा प्रश्न मला रात्रभर पडला होता. सोमवारी डॉक्टरबाईंनी सांगितलं की नस गेली तरी दाढेभोवतीच्या हिरडीला आणि हाडाला जाणीव असतेच. मग माझ्या हातात आरसा दिला आणि दाढेला बारीक अवजार लावलं. दाढेचे दोन भाग वेगवेगळे हलत होते. चीर हिरडीच्या खाली मुळापर्यंत गेलेली. अशी दाढ काढावीच लागते. मुळात किडीने पोखरलेली, त्यात नसेपर्यंत जायला वरून भोक पाडलेलं. उरतात त्या पातळ भिंती, आणि त्या एकत्र धरून ठेवायला कॅप असते. एवढं साधं गणित.

दाढ काढली. मोकळ्या जागी ब्रिज बसवायचा तर शेजारच्या दोन चांगल्या दाढा घासाव्या लागतात आणि तिन्ही जागांचे पैसे होतात. इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू रोवून त्यावर बसवलेला दात, त्याहून महाग आणि हाड भरून यायला महिने लागतात. मी ब्रिज घेतला. साडेपाच हजारांची एक टोपी टाळली आणि साडेसोळा हजारांच्या तीन घालून घेतल्या.

आता तुमचा प्रश्न. थंडीने दात बिघडत नाहीत. गार पाण्याने सणक जात असेल तर बहुतेकदा हिरडी खाली सरकलेली असते किंवा कीड लागलेली असते, ते आधीचंच दुखणं आहे. खरा घोळ संक्रांतीनंतर होतो. रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू, येता-जाता तोंडात हलवा, बोरन्हाणात पोरांची लूट. गोड किती खाल्लं यापेक्षा कितीदा खाल्लं हे जास्त बाधतं. दर वेळी तोंडात आम्ल तयार होतं आणि ते निवळायला अर्धा तास तरी जातो. म्हणून तिळगूळ जेवणानंतर एकदाच काय तो खा. फ्लोराइडची पेस्ट रात्री न चुकता. आणि ज्यांच्या तोंडात कॅप, ब्रिज किंवा अर्धवट सोडलेलं रूट कॅनाल आहे त्यांनी ऊस दाताने सोलू नये, बोराच्या आठळीशी खेळू नये. अर्धवट सोडलेलं काम असेल तर मेसेजची वाट कसली बघताय, उद्या जा.

दात साफ करून घेतल्याने ते हलायला लागतात, हाही भाऊजींचाच शोध. दातांमध्ये साचून दगडासारखा झालेला थर निघाला की फट जाणवते, त्याने दात सैल होत नाहीत.

हां, मेसेज ही जाहिरातही असते, ते नाकारत नाही. उगाच कामं सुचवणारेही असतात. एक्स-रे समोर लावून दाखवायला सांगा, पटलं नाही तर दुसऱ्याला विचारा. पैशांची अडचण असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, तिथे बरंच कमी लागतं. आणि मी डॉक्टर नाही. पुढच्या दातांना, फार पोखरलेले नसतील तर, कॅप दर वेळी लागतेच असंही नाही, हे डॉक्टरबाईंनीच मला सांगितलंय. भाऊजी नेमकं तेवढंच वाक्य धरून बसलेत. दाढेचा विषय निघाला की म्हणतात, दोष कॅपचा नव्हता, पाकाचा होता. ताईसमोर मात्र अजून एकदाही म्हणालेले नाहीत.