मशीन आधी की लाइन आधी?

प्रश्न: मी नाशिकला अंबडच्या एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. पाथर्डी फाट्याजवळ स्वतःचं रो-हाऊस आहे, गृहकर्ज चालू आहे. सुट्टीच्या दिवशी देव्हारे बनवतो. गेल्या वर्षी सहा विकले, सामानाचा खर्च वजा जाता एकामागे अडीच हजार सुटले. मित्राचं दोन एचपीचं जुनं रंधा-कटर मशीन 38 हजारांत मिळतंय. एक इलेक्ट्रिशियन डीबीपासून (घरातल्या मुख्य वीजपेटीपासून) 18 मीटरवरच्या मागच्या खोलीपर्यंत स्वतंत्र लाइन, अर्थिंग आणि स्टार्टर मिळून 17,500 सांगतो. दुसरा म्हणतो, गिझरच्या पॉइंटवरून दीड हजारात करून देतो. हाताशी 45 हजार आहेत, दीड लाखाची एफडी आणि महिन्याला 4 हजारांची एसआयपी आहे. घरखर्च हप्त्यासकट 40 हजार. एफडी मोडून सगळं एकदम करू, की आता दीड हजारात भागवून कमाई सुरू झाल्यावर लाइन ओढू?

उत्तर: नमस्कार. तुम्ही लाइनचा खर्च मशीनपासून वेगळा धरलाय, घोळ तिथेच होतोय. हे मशीन 38 हजारांचं नाही, साडेपंचावन्न हजारांचं आहे. तेवढ्याला परवडत असेल तर घ्या, नाहीतर एक एचपीचं बघा किंवा थांबा. गिझरच्या पॉइंटवर मात्र ते लावू नका. एफडीलाही हात लावू नका.

दीड हजारांचा पर्याय मी का खोडतोय, ते आधी सांगतो. दोन एचपीची सिंगल फेज मोटार पूर्ण लोडवर साधारण 11 अँपिअर घेते, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या पाचपट. दोन किलोवॅटचा गिझर जवळपास 9 अँपिअर घेतो. रविवारी सकाळी घरात कुणी गिझर लावला आणि मागे तुम्ही मशीनवर फळी घातली, की 16 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा खटका, पडायला लागणार. दोन-चारदा पडला की कुणीतरी सुचवतं, ‘बत्तीसचा टाकून देऊ.’ मला भीती आहे ती नेमकी याची. भिंतीतली वायर तीच राहते आणि तिला वाचवणारा एमसीबी मात्र दुप्पट क्षमतेचा होतो. मग तो पडत नाही, वायर तापत राहते. आणि तुमच्या त्या खोलीत लाकडाचा भुसा असणार.

बारीक वायरीचा फटका मशीनलाही बसतो. 18 मीटरवर 1.5 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर असेल, तर मोटार सुरू होताना सुमारे 24 व्होल्ट वायरीतच जातात, 4 स्क्वेअरच्या वायरीत 9. संध्याकाळी व्होल्टेज आधीच उतरलेलं असलं की मोटार नुसती गुरगुरते, वेग घेत नाही आणि वाइंडिंग जळतं. जुन्या मशीनला वॉरंटी नाही, रिवाइंडिंग तुमच्याच खिशातून.

कोटेशनमधला स्टार्टर तर कुठल्याही परिस्थितीत काढू नका. समजा, काम चालू असताना वीज गेली. पात्याजवळ अडकलेला भुसा काढायला तुम्ही हात घातला आणि तेवढ्यात वीज आली. साध्या खटक्यावरचं मशीन त्या क्षणी आपोआप फिरू लागेल. स्टार्टर वीज जाताच सुटतो आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन पुन्हा सुरू होत नाही. तुमच्या पगाराचं कामही याच बोटांचं आहे.

आता हिशेब. दोन पर्यायांतला फरक 16 हजार, म्हणजे सहा-सात देव्हाऱ्यांची कमाई. मशीनमुळे वर्षाला दहा देव्हारे जास्त विकले गेले तर 25 हजार वाढतील. साडेपंचावन्न हजार वसूल व्हायला सव्वादोन वर्षं लागतील, दीड हजारात भागवलं तर साडेएकोणचाळीस हजारांना एकोणीस महिने. म्हणजे आठेक महिने उशीर, एवढीच या सुरक्षिततेची किंमत. घर स्वतःचं असल्याने लाइन तुमचीच राहते, उद्या मशीन विकलं तरी. भाड्याचं घर असतं तर मी मशीनलाच नको म्हटलं असतं. दहा जादा देव्हाऱ्यांची मागणी खरोखर आहे का, हे मात्र तुम्हीच तपासायचं. 2027 च्या सिंहस्थात खप वाढेलही, पण तो वसुलीच्या हिशेबात धरू नका. गर्दी ओसरल्यावरही मशीन चाललं पाहिजे.

कमी पडतात साडेदहा हजार. तुमची एफडी म्हणजे पावणेचार महिन्यांचा घरखर्च, घराचा हप्ता चालू असताना तीही मला कमीच वाटते. त्यापेक्षा तीन महिने एसआयपी थांबवा, 12 हजार सुटतील. रीतसर अर्ज करून थांबवा, नाहीतर हप्ता परत गेला की बँक दंड लावते. क्रेडिट कार्डाच्या ईएमआयकडे वळू नका. आणि क्रम असा ठेवा: आधी लाइन, मग मशीन. मित्राला थोडा इसार द्या, तीन महिने तो थांबेल.

महावितरणचं बिल काढून त्यावरचा मंजूर भार बघा. मशीन धरून तो ओलांडला जात असेल तर वाढीव भाराचा अर्ज आधी करा. विक्रीसाठी काम करता म्हणून लगेच निवासी दर जात नाही. घराच्या एका भागात व्यवसाय असला तरी वापर महिन्याला 300 आणि वर्षाला 3600 युनिटच्या आत असेल तर आपल्याकडे निवासी दर चालतो. आठवड्याला सहा तास मशीन चालवलंत तर महिन्याला पन्नासेक युनिट वाढतील. गेल्या बारा महिन्यांच्या बिलांत ते मिळवून बघा, विशेषतः एप्रिल-मेमध्ये. मर्यादा ओलांडून तसंच वापरत राहिलात आणि तपासणीत सापडलात, तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होते. घराचा विमा असेल तर या वापराची कंपनीला लेखी कल्पना द्या.

साडेसतरा हजारांचं कोटेशन परवानाधारक कंत्राटदाराकडून, तपशिलासह लेखी घ्या: आयएसआय खुणेची 4 स्क्वेअरची वायर, सी प्रकारचा (मोटार सुरू होतानाचा झटका सोसणारा) एमसीबी, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा खटका) आणि काम झाल्यावर अर्थिंगचं रीडिंग. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंग कमजोर होतं, म्हणून खड्डा ओल राहील अशा जागी घ्यायला सांगा. असंच दुसरं कोटेशनही मागवा, हजार-दोन हजार कमी झाले तर चांगलंच. पण यादीतली वस्तू गाळून नको.

मशीनचे पूर्ण पैसे देण्याआधी इलेक्ट्रिशियनला मित्राकडे घेऊन जा. सागवानाची जाड फळी घालून क्लॅम्प मीटरने करंट मोजा. नेमप्लेटवरच्या आकड्यापेक्षा बराच जास्त आला, तर मोटार थकलेली आहे असं समजा आणि 38 हजारांवर पुन्हा बोलणी करा.