ख्रिस्ती माणसाने पगाराचा दहावा हिस्सा चर्चला द्यायलाच हवा, असं बायबलमध्ये आहे का? माझा सहकारी घरभाडं थकवून देतो.

सक्ती नाही. बायबलच्या नव्या करारात (येशू आणि त्याच्यानंतरचा भाग) मंडळीसाठी, म्हणजे चर्चच्या लोकांसाठी, दहा टक्क्यांचा नियम घालून दिलेला नाही. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला पत्रात लिहितो की ज्याने त्याने मनात ठरवलं असेल तेवढं द्यावं, कुरकुरत नको आणि भाग पडतं म्हणूनही नको (२ करिंथ ९:७). तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर इथे संपतं. पण ‘घरभाडं थकवून’ हे वाचलं आणि राहवेना, कारण हा वाद आमच्या घरात पप्पांच्या बायपासपासून चालू आहे.

आम्ही नगर जिल्ह्यातले, पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती. ‘तुम्हाला काय, बाहेरून पैसा येतो’ हे शाळेपासून ऐकत आलोय. आमच्या मंडळीचा गाडा चालतो तो महिन्याची वर्गणी, रविवारची दानाची थैली आणि हंगामाचा सण यांवर. पाळकसाहेबांचा (आमच्या धर्मगुरूंचा) पगार, लाइटबिल, कब्रस्तानाच्या भिंतीची डागडुजी, सगळं त्यातूनच. हंगामाच्या सणाला लोक शेतातलं, परसातलं काहीबाही घेऊन येतात आणि उपासना झाली की अंगणात लिलाव होतो. एखादा दुधी दोनशेला जातो, घेणारा तो उचलून परत टेबलावर ठेवतो, मग तोच दुधी दुसरा कुणी अडीचशेला घेतो. अंडी, कोंबडी, पपई, सगळ्यांची हीच तऱ्हा. पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, तरी बोली हटकून लावायचे. आई बायकांच्या घोळक्यातून डोळे वटारायची, कारण किराणावाल्याच्या वहीत आमचं किती आहे ते तिला पाठ. पण पप्पांचं एक होतं: बाकी राहिली तर स्वतः दुकानात जाऊन तारीख सांगून यायचे आणि त्या तारखेला पैसे पोचते करायचे. दुकानदार मारवाडी, जैन माणूस. त्याचे पैसे बुडवून मंडळीत दान टाकलं तर ते देवाला पोचतं, असं पप्पांना कधी वाटलं नाही.

आता दाजी. थोरल्या ताईचे यजमान, पिंपरीला कंपनीत. लग्नानंतर काही वर्षांनी ते एका नव्या फेलोशिपला, म्हणजे स्वतंत्र प्रार्थनामंडळीला, जायला लागले. भाड्याचा हॉल, ड्रमसेट, माइकवर साक्षी. तिथे दशांश, म्हणजे तो दहावा हिस्सा, धरायचा तो कपातीआधीच्या पगारावर. त्याशिवाय ‘विश्वासाचं बी’ म्हणून वेगळी पाकिटं, जेवढं पेराल त्याच्या कितीतरी पट उगवेल म्हणून. ताई कर्जावर घेतलेल्या फ्रिजचा हप्ता कसा भरते हे तिलाच माहीत.

पप्पांना अटॅक आला. नगरच्या डॉक्टरांनी पुण्याला न्या म्हणून सांगितलं. दवाखान्यात आधी डिपॉझिट भरायचं होतं. आईने पाटल्या काढून दिल्या, मी पीएफमधून उचल मागितली आणि तोवरचं भागवायला मित्राकडून घेतले. दाजींना विचारलं तर कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या म्हणाले, “या महिन्याचा दशांश निघालाय, आणि इमारत फंडाला शब्द देऊन बसलोय. देवाचं आधी. तुम्ही बघाच, तो पुरवतो.” असं म्हणून फोनवर बायबल उघडलं आणि जुन्या करारातल्या मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचायला लागले. सगळा दशांश भांडारात आणा, मग मी आकाशाची कवाडं उघडतो की नाही याची प्रचीती घ्या, तो भाग. ताई चहाचा थर्मास धरून खाली बघत उभी.

मी म्हटलं, दाजी, आता मार्कच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय काढा. तिथे येशू परुशांना (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या लोकांना) हेच सुनावतो. मुलगा आईबापांना सांगतो, ‘माझ्याकडून तुम्हाला जे मिळायचं ते मी देवाला वाहिलंय’, आणि आईबापांच्या जबाबदारीतून मोकळा होतो. येशू म्हणतो, तुमच्या परंपरेपायी तुम्ही देवाची आज्ञाच रद्द करता. दाजी म्हणाले, “ते परुशांना उद्देशून आहे.” मग मी तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं ५:८ काढलं, की जो घरच्यांची तरतूद करत नाही तो अविश्वासी माणसाहून वाईट. त्यावर ते प्रार्थना करायला लागले. प्रार्थना करणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

आणि मलाखी तरी पूर्ण वाचा ना! त्याच अध्यायात पाचव्या ओवीत मजुराची मजुरी बुडवणारे, विधवा-अनाथांना छळणारे यांना देव धारेवर धरतो. ते फेलोशिपच्या पडद्यावर कधी येत नाही. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचा १४ वा अध्याय तर कुणी उघडतच नाही. जुन्या करारातला दशांश म्हणजे धान्य, द्राक्षारस, तेल. तो घेऊन पवित्र ठिकाणी जायचं आणि घरादारासकट तिथे बसून खायचा. गाव लांब असेल तर विकून पैसे करून न्यायचे आणि तिथे मनाला येईल ते घ्यायचं, बैल, मेंढरं, द्राक्षारससुद्धा. दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवायचा, लेवी (देवाच्या सेवेला नेमलेला, जमीन नसलेला वंश), परके, अनाथ, विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. यातून कपातीआधीच्या पगाराचा हिशोब कसा निघाला, ते पाळकांनाच विचारा.

दहाचा आकडा धरून बसण्यापेक्षा मेथडिस्ट पंथाचा इंग्रज संस्थापक जॉन वेस्ली याने प्रवचनात सांगितलेला हिशोब मला पटतो. ऑक्सफर्डमधला एक तरुण मेथडिस्ट (तो बहुधा वेस्ली स्वतःच) वर्षाला ३० पौंड कमवायचा, २८ मध्ये भागवायचा, दोन दान द्यायचा. पुढे मिळकत ६०, मग ९०, मग १२० झाली, खर्च २८ च राहिला, वरचं सगळं दान. आधी राहणी ठरवायची, मग दान आपोआप वाढतं. दाजींनी मात्र दशांश ठरवला आणि राहणीचं ताईवर सोपवलं.

आमच्याकडे देण्याचं फार कौतुक असतं. मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला, हे आम्ही संडेस्कूलपासून अभिमानाने सांगतो, मीही सांगतो. पण त्यांच्या अशा देण्याची झळ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना बसायची. त्यापेक्षा मला वसईच्या कॅथलिकांचं कौतुक जास्त वाटतं. १९१८ मध्ये तिथल्या धर्मगुरूंच्या पुढाकाराने सहकारी पतपेढी निघाली, शेतकरी सावकाराच्या हातून सुटावा म्हणून. त्यातूनच पुढे मोठी बँक झाली. मला हे शंभर पाकिटांपेक्षा शास्त्राला धरून वाटतं.

आता थोडं सावरून घेतो. सगळ्या फेलोशिप तशा नसतात. टाळेबंदीत आमच्या तालुक्यात घरोघर शिधा पोचवणाऱ्यांत अशीच एक होती, आणि आमची जुनी मंडळी तेव्हा कमिटीची मीटिंग कधी घ्यायची ते ठरवत होती. पाळकांना पगार लागतो, तो लोकांनीच द्यायचा असतो. मीही महिन्याला देतो. पप्पा बरे आहेत, परवाच्या हंगामाला शेवग्याच्या शेंगांवर बोली लावून आले.

तुमच्या सहकाऱ्याला रोमकरांस पत्र १३:८ दाखवा, कुणाचंही देणं ठेवू नका म्हणून. आधी घरमालक, मग थैली. तो मलाखी काढेल, तेव्हा तुम्ही अनुवाद १४ काढा. दाजींवर चाललं नव्हतं, पण ते सुपरवायझर आहेत, त्यांच्यावर कंपनीच्या युनियनचंही चालत नाही.