पेरिप्लाझममध्ये, म्हणजे जिवाणूच्या आतल्या आणि बाहेरच्या पटलांमधल्या जागेत, एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) नसतं, मग ई. कोलायसारखे जिवाणू बाह्यपटलात प्रथिनं बसवतात कशी? आणि औषधांनी हे काम अडवता येतं का?

ऊर्जा खर्च होते, पण आधीच, आतल्या पटलापाशी. ई. कोलायच्या बाह्यपटलातलं ओम्पए हे प्रथिन घ्या. रायबोसोमवरून निघताना त्याच्या पुढच्या टोकाला सिग्नल पेप्टाइड, म्हणजे कुठे जायचं ते सांगणारा छोटा तुकडा, असतं. सेकबी हे मदतनीस प्रथिन ओम्पएची घडी पडू देत नाही आणि सेकए हे दुसरं प्रथिन एटीपी वापरून ती उलगडलेली साखळी आतल्या पटलातल्या सेकवायईजीच्या अरुंद मार्गातून पलीकडे ढकलतं. तिथे सिग्नल कापला जातो. पुढे एटीपी नाही, आणि तुमची शंका इथूनच सुरू होते.

बाह्यपटलात प्रथिनं बसवणाऱ्या, तिथेच असलेल्या प्रथिनांच्या गटाला बॅम संकुल म्हणतात. परीक्षेत मुलं 'बॅम संकुल प्रथिनाला पटलात ढकलतं' असं लिहितात. मला ते 'ढकलतं' खटकतं. घडी पडणं ही ओम्पएसाठी उताराचीच वाट आहे. युरियात उलगडलेलं ओम्पए योग्य डिटर्जंटमध्ये पातळ केलं की कोणाच्याही मदतीशिवाय त्याचं बॅरल, म्हणजे साखळीच्या पट्ट्या शेजारी जुळून झालेली पिंपासारखी नळी, तयार होतं. प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या एसडीएस जेलवर (एसडीएस हा प्रथिनं उलगडणारा डिटर्जंट) ते सरळ दिसतं: नमुना न उकळता चालवला तर पट्टा 30 किलोडाल्टनच्या आसपास येतो, उकळला तर 35 च्या. बॅरल इतकं घट्ट असतं की एसडीएसलासुद्धा दाद देत नाही, उकळावंच लागतं.

म्हणजे अडचण ऊर्जेची नाही, वेळेची आणि जागेची आहे. पेरिप्लाझममध्ये ही साखळी एकटी सोडली तर गोळा होऊन बसेल. म्हणून सुरए आणि स्केप ही मदतनीस प्रथिनं तिला सांभाळतात. बिघडलेला माल डेगपी हे प्रथिनं कापणारं विकर कापून टाकतं. शिवाय जिवाणूच्या खऱ्या पटलातल्या फॉस्फोलिपिडांत ओम्पए आपणहून शिरायला फार वेळ लावतं. तो अडथळा बॅम संकुलातलं मुख्य प्रथिन बॅमए कमी करतं.

बॅमए स्वतःच 16 पट्ट्यांचं बॅरल आहे. गुंडाळलेल्या चटईच्या कडा जिथे भेटतात, तशी त्याच्या पहिल्या आणि सोळाव्या पट्टीमधली शिवण सैल असते, आणि तिथलं पटलही पातळ झालेलं असतं. नव्या प्रथिनाची शेवटची पट्टी, जिच्या टोकाला बऱ्याचदा फिनिलअलॅनिन हे अमिनो आम्ल असतं, बॅमएच्या पहिल्या पट्टीला येऊन चिकटते. तिच्या आधाराने बाकीच्या पट्ट्या जुळत जातात, बॅरल मिटतं आणि बाजूने पटलात सुटतं. बॅमबी ते बॅमई हे चार लिपोप्रोटीन (लिपिड जोडलेली प्रथिनं) संकुलात बॅमएचे सोबती असतात. त्यांतल्या बॅमडीशिवाय पेशी जगत नाही, बाकीच्या तिघांपैकी एखादं नसलं तर निभावते.

औषधांबद्दलही विचारलंत. व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकासारखे मोठे रेणू बाह्यपटलावरच अडतात. बॅमएपर्यंत पोचायला मात्र पटल ओलांडावं लागत नाही. 2019 मध्ये सूत्रकृमींच्या आतड्यात राहणाऱ्या फोटोरॅब्डस जिवाणूंपासून डॅरोबॅक्टिन हे प्रतिजैविक मिळालं. अवघ्या सात अमिनो आम्लांचा हा पेप्टाइड बॅमएच्या पहिल्याच पट्टीला चिकटतो आणि नव्या प्रथिनाची जागा अडवून बसतो.