कॅल्क्युलेटरला चार ओळी शिकवायच्या आहेत

ग्राफिंग (आलेख काढणाऱ्या) कॅल्क्युलेटरवर स्वतःचा प्रोग्राम लिहिता येतो, असं एक वाक्य गेल्या अंकात मी ओघात लिहून गेले आणि पत्रांची रीघ लागली. बहुतेकांकडे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८४ प्लस किंवा त्याच्या आगेमागचं एखादं मॉडेल आहे, म्हणून उत्तरं त्यालाच धरून दिली आहेत.

ताई, दादाचा टीआय-८४ प्लस आता माझ्याकडे आलाय. मी प्रोग्रामिंग कधीच केलेलं नाही. नवीन प्रोग्राम उघडून ‘डिस्प’ ही कमांड एकेक अक्षर दाबून लिहिली. एरर आली नाही, पण स्क्रीनवर नुसतं शून्य आलं. मशीन बिघडलंय का? आणि सुरुवात कशाने करू?

मशीन ठणठणीत आहे. तू डी, आय, एस, पी ही चार अक्षरं लिहिलीस, आणि कॅल्क्युलेटरच्या लेखी ती चार चलं आहेत. चलं शेजारी शेजारी लिहिली की तो त्यांचा गुणाकार करतो. चारही रिकामी, म्हणून उत्तर शून्य. सांगितलेलं काम त्याने चोख केलं, तक्रार कशाला करेल?

या मशीनवर कमांड टाइप करायची नसते, मेनूतून उचलायची असते. प्रोग्राम लिहीत असताना ‘पीआरजीएम’ बटण दाबलंस की तीन याद्या दिसतील. ‘सीटीएल’मध्ये अटी आणि लूप (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणं), ‘आय/ओ’मध्ये विचारणं आणि दाखवणं, ‘एक्झेक’मध्ये आधी लिहिलेले प्रोग्राम. डिस्प ‘आय/ओ’मध्ये आहे. तिथून उचललेली कमांड दिसते चार अक्षरांची, पण आत तिचा एकच टोकन, म्हणजे एक अखंड खूण, साठतो. कर्सर पुढेमागे नेऊन बघ, अख्ख्या कमांडवरून तो एका उडीत जातो. कमांड खरी आहे की अक्षरं जोडून केलेली, हे ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण.

सुरुवात वर्गसमीकरणाने कर. ते रोज लागतं, आणि उत्तर बरोबर आलं की नाही हे तुला स्वतःला कळतं. ‘पीआरजीएम’, मग ‘न्यू’, आणि नाव दे. नाव आठ अक्षरांपर्यंत चालतं, पण माझे कच्चे प्रोग्राम नुसते ‘ए’ नावाने असतात. यादी वर्णक्रमाने लागते, त्यामुळे ‘ए’ कायम सगळ्यात वर सापडतो. मग या चार ओळी:

प्रॉम्प्ट ए,बी,सी
बी²−४एसी→डी
डिस्प (⁻बी+√(डी))/(२ए)
डिस्प (⁻बी−√(डी))/(२ए)

बाण ‘एसटीओ’ बटणाने येतो. सेव्ह करायला काही नाही, लिहिलेलं आपोआप राहतं. ‘सेकंड’ आणि ‘मोड’ दाबून बाहेर ये, पुन्हा ‘पीआरजीएम’मध्ये जाऊन नाव निवड आणि दोनदा एंटर दाब. १, ⁻३, २ हे आकडे दे. उत्तरं २ आणि १ यायला हवीत.

इथे तीन जागी पाय घसरतो. पहिली, उणे चिन्हाची. वजाबाकीचं बटण वेगळं, ऋण संख्येचं वेगळं. ऋण चिन्ह कंसातलं आहे आणि खालच्या ओळीत, एंटरच्या शेजारी आहे. ‘⁻बी’च्या जागी वजाबाकीचं चिन्ह पडलं की सिंटॅक्स एरर ठरलेली. त्या वेळी ‘क्विट’ करू नकोस, ‘गोटू’ निवड. कॅल्क्युलेटर तुला नेमक्या चुकीच्या जागी नेऊन उभं करतो. मोठमोठ्या कॉम्प्युटरवरच्या भाषाही इतक्या सौजन्याने वागत नाहीत.

दुसरी जागा भागाकाराची. ‘/(२ए)’ मधला कंस शोभेचा नाही. तो काढलास तर मशीन आधी २ ने भागेल आणि मग ए ने गुणेल. गंमत म्हणजे ए ची किंमत १ असताना उत्तर तरीही बरोबर येतं, म्हणून ही चूक पहिल्या तपासणीत सहीसलामत सुटते. २, ⁻७, ३ देऊन बघ. ३ आणि ०.५ आलं तर कंस जागेवर आहे.

तिसरी, १, १, १ दिलंस तर ‘नॉनरिअल’ असं काहीतरी म्हणून मशीन थांबेल. डी ऋण झाला, त्याचं वर्गमूळ वास्तव संख्यांत नाही. ‘मोड’मध्ये जाऊन ‘रिअल’ऐवजी ‘ए+बीआय’ निवडलंस तर तोच प्रोग्राम, एक अक्षर न बदलता, संमिश्र उत्तरं देईल. पण त्याआधी ‘इफ’ वापरून ‘डी शून्यापेक्षा लहान असेल तर तसं सांग’ ही ओळ तू स्वतः लिहावीस, असं मला वाटतं. प्रोग्रामिंग खरं तिथे सुरू होतं. पहिल्या चार ओळी म्हणजे वहीतलं सूत्रच आहे.

त्यापुढे आकडा ओळखायचा खेळ कर. ‘रँडइंट’ने १ ते १०० मधला आकडा एन मध्ये ठेवायचा, ‘रिपीट’ने लूप सुरू करायचा आणि आत प्रॉम्प्ट, लहान की मोठा हे सांगणारे दोन इफ, शेवटी एंड. रिपीट अट शेवटी तपासतो, म्हणून आतल्या ओळी एकदा तरी चालतातच. या खेळाला तेच हवं असतं. प्रोग्राम गरगरत राहिला, थांबेचना, तर ‘ऑन’ दाब.

आणि लेबल-गोटूच्या, म्हणजे खूण ठेवून तिथे उडी मारायच्या कमांडच्या, नादी फार लागू नकोस. तत्त्वाची गोष्ट म्हणून नाही सांगत. फॉर किंवा व्हाइल लूपमधून गोटूने बाहेर उडी मारलीस तर त्या लूपची नोंद मेमरीत तशीच पडून राहते. उड्या वाढत गेल्या की चांगला चालणारा प्रोग्राम मंदावतो आणि एके दिवशी मेमरी एरर देऊन बसतो. तेव्हा कारण शोधायला जाशील तर ते कुठल्याच एका ओळीत सापडणार नाही.

माझ्याकडे कॅल्क्युलेटर नाही. शिकण्यासाठी कुठलं मॉडेल घ्यावं?

काय शिकायचंय त्यावर ठरवा. मशीनच्या पोटात शिरायचं असेल तर टीआय-८३ प्लस किंवा ८४ प्लस, जुना वापरलेला असला तरी चालेल. प्रोसेसर झेड-८०, वापरायला २४ किलोबाइट रॅम, स्क्रीन ९६ बाय ६४ ठिपक्यांचा. एवढंसं सगळं एका माणसाच्या डोक्यात मावतं. सी भाषेत लिहायचं असेल तर रंगीत स्क्रीनचा टीआय-८४ प्लस सीई. त्यात ४८ मेगाहर्ट्झचा ईझेड-८० आहे, स्क्रीन ३२० बाय २४०, आणि हौशी मंडळींनी त्याच्यासाठी सीचा उत्तम टूलचेन, म्हणजे कॉम्प्युटरवर लिहिलेलं सी कॅल्क्युलेटरला कळेल असं करून देणारी साधनं, केला आहे. फक्त पायथन हवं असेल तर नमवर्क्स कंपनीचा कॅल्क्युलेटरही बरा आहे, पण खरं सांगायचं तर नुसत्या पायथनसाठी कॅल्क्युलेटर कशाला? कॉम्प्युटर आहेच की.

एम्युलेटरही आहेत, म्हणजे कॉम्प्युटरवर कॅल्क्युलेटरची नक्कल करणारे प्रोग्राम: जुन्या मॉडेलांसाठी वॅबिटएमू, सीईसाठी सीएमू. त्यांना लागणारा रॉम, म्हणजे कॅल्क्युलेटरच्या आतल्या सॉफ्टवेअरची प्रत, मात्र आपल्या मालकीच्या कॅल्क्युलेटरमधूनच काढून घ्यायचा असतो.

मॅडम, बेसिकमध्ये केलेला माझा सापाचा खेळ फार रखडत चालतो. असेंब्लीत लिहिल्यावर वेग येतो म्हणतात. पण त्याने कॅल्क्युलेटर कायमचा बंद पडू शकतो का? आणि त्याची ऑपरेटिंग सिस्टीमच बदलता येते, हे खरं आहे का?

रखडतो, कारण बेसिकचा, म्हणजे वरच्या चार ओळी ज्या भाषेत आहेत तिचा, प्रत्येक टोकन मशीन दर वेळी नव्याने वाचून त्याचा अर्थ लावतं. असेंब्ली ही प्रोसेसरची स्वतःची भाषा, तिच्यात ती मधली पायरीच नाही. तुम्ही लिहिलेले आकडे थेट प्रोसेसर खातो. वेगातला फरक डोळ्यांना दिसण्याइतका मोठा असतो.

चव घ्यायची असेल तर कॉम्प्युटरचीही गरज नाही. ८४ प्लसवर नवा प्रोग्राम उघडा, कॅटलॉगमधून ‘एएसएमपीआरजीएम’ हा टोकन आणा आणि त्याच्यापुढे सोळाच्या पायातल्या या चार बाइट लिहा:

ईएफ ४० ४५ सी९

मध्ये जागा सोडायची नाही. कॅटलॉगमधूनच ‘एएसएम(’ आणून त्याच्यापुढे प्रोग्रामचं नाव दिलं की स्क्रीन पुसला जाईल. ईएफ म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीममधलं एखादं तयार काम बोलावण्याची हाक. पुढचे दोन बाइट त्या कामाचा क्रमांक, ४५४०, पण उलटा लिहिलेला, कारण झेड-८० मध्ये खालचा बाइट आधी येतो. सी९ म्हणजे ‘आता परत जा’.

तो सी९ विसरलात तर काय होईल, यातच तुमच्या भीतीचं उत्तर आहे. प्रोसेसर थांबत नाही. पुढच्या मेमरीत जे काही पडलेलं असेल ते आज्ञा समजून चालवत सुटतो. बहुतेक वेळा शेवट ‘रॅम क्लिअर्ड’ या संदेशाने होतो, किंवा स्क्रीन गोठतो आणि एक सेल काढून पुन्हा बसवावा लागतो. रॅममधलं सगळं जातं. मशीन जात नाही. म्हणून असेंब्लीला हात लावण्याआधी कामाचा प्रत्येक प्रोग्राम ‘मेम’ मेनूतून आर्काइव्ह करा. आर्काइव्ह फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, असतं, रॅम पुसली तरी ते टिकतं. ज्या प्रोग्रामच्या नावाआधी तारा दिसतो तो सुरक्षित. शिवाय एक प्रत कॉम्प्युटरवर ठेवा, केबलने आणि टीआय कनेक्टने, किंवा मुक्त स्रोत टिल्पने.

ऑपरेटिंग सिस्टीमच खराब झाली तरी ८४ प्लसवर वाट आहे. एक एएए सेल काढायचा, ‘डेल’ बटण दाबून धरायचं आणि सेल परत बसवायचा. नवी सिस्टीम पाठवा म्हणून मशीन वाट बघत बसतं. हा सुरुवातीचा कोड फ्लॅशच्या राखीव कोपऱ्यात असतो, तुमच्या चुकीचा हात तिथवर सहसा पोचत नाही.

आता सिस्टीम बदलण्याबद्दल. होय, खरं आहे, आणि त्याची कथा रंजक आहे. या कॅल्क्युलेटरवर असेंब्ली चालवायला सुरुवातीला कंपनीने दारच ठेवलेलं नव्हतं. १९९४ मध्ये टीआय-८५ साठी असेंब्लीचे प्रोग्राम चालवून देणारं झेडशेल आलं, ते मेमरीच्या बॅकअप फाइलमध्ये फेरफार करून आत घुसवलेलं. नंतरच्या मॉडेलांत कंपनीने स्वतःच असेंब्लीची सोय दिली, पण ऑपरेटिंग सिस्टीमवर कंपनीच्या गुप्त किल्लीची (५१२ बिटांच्या आरएसए पद्धतीची) डिजिटल सही असल्याशिवाय मशीन ती घेईना. ही किल्ली एका प्रचंड संख्येच्या अवयवांत दडलेली असते. २००९ मध्ये एका हौशी प्रोग्रामरने टीआय-८३ प्लसच्या त्या संख्येचे अवयव घरच्या कॉम्प्युटरवर काही आठवड्यांत पाडले. पाठोपाठ अनेकांनी आपापले कॉम्प्युटर एकत्र जुंपून बाकीच्या मॉडेलांच्या किल्ल्याही सोडवल्या. कंपनीने त्या छापणाऱ्यांना कायद्याच्या नोटिसा धाडल्या, डिजिटल हक्कांसाठी लढणारी संस्था इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन त्या छापणाऱ्यांच्या बाजूने उभी राहिली. आज नाइटओएससारखी युनिक्सच्या धर्तीची मुक्त सिस्टीम जुन्या झेड-८० मॉडेलांवर चढवता येते. पण ती चढवून तुम्ही करणार काय, हे आधी ठरवा. तुमच्या सापाला तिची काही गरज नाही.

सीई वापरणाऱ्यांनी मात्र इथे थबकावं. २०२० मधल्या ५.५ आवृत्तीपासून कंपनीने असेंब्ली आणि सीचे प्रोग्राम चालवण्याची सोय काढून टाकली. हौशी लोकांनी आर्टिफाइस नावाची पळवाट काढली आहे, तरी ‘अपडेट’वर बोट ठेवण्याआधी तुमच्याकडची आवृत्ती बघून घ्या.

टीआय-८३ प्लस उघडून त्याचा वेग वाढवायचा विचार आहे. सोल्डरिंग येतं. करू का?

सोल्डरिंग येतं म्हणून मोह होतोय, कळतंय मला. पण करू नका.

प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झवर चालतो आणि त्याला पळवता येतं, हे बरोबर. अडतं ते स्क्रीनपाशी. स्क्रीनची चालक चिप मंद आहे, प्रत्येक बाइट दिल्यावर तिला थोडी उसंत लागते, आणि ती उसंत प्रोग्रामांमध्ये प्रोसेसरच्या चक्रांत मोजलेली असते. प्रोसेसर पळाला की उसंत आखडते आणि चित्राचा चिखल होतो. वेग वाढवलेल्या मशीनवर आधी बिघडतात ते खेळच, ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला. शिवाय स्क्रीनला जोडणारी रिबन उष्णतेने चिकटवलेली असते. ती एकदा दुखावली की उभ्या रेघा गायब व्हायला लागतात. मग सोल्डरिंग कितीही चांगलं येत असो, उपयोग नाही.

हात शिवशिवत असतील तर खालच्या २.५ मिलिमीटरच्या लिंक जॅककडे वळा. मला विचाराल तर या मशीनची सगळ्यात मजेदार जागा तीच. दोन तारा आणि एक ग्राउंड, बस. दोन्ही तारा एरवी ५ व्होल्टवर असतात, कुठलीही बाजू त्या खाली ओढू शकते. शून्य पाठवायचा तर पाठवणारा एक तार खाली ओढतो, घेणारा दुसरी ओढून पोच देतो, मग दोघंही सोडून देतात. १ पाठवायचा तर तारांची अदलाबदल. घड्याळाची गरज नाही, एक बाजू कितीही हळू असली तरी संभाषण तुटत नाही. हे सगळं आर्डुइनोवर, म्हणजे हौशी लोकांच्या छोट्या सर्किट बोर्डवर, एका बैठकीत लिहून होतं, आणि मग कॅल्क्युलेटर दिवे लावतो, तापमान वाचतो, तुमची मर्जी. असेंब्लीतून त्याच तारा पटापट वरखाली केल्या की इअरफोनमध्ये सूरही येतात. सूर म्हणजे भुणभुणच, पण ओळखू येतात.

सेल बदलताना चारही एएए आणि आतला छोटा बटन सेल एकाच वेळी काढू नका. मोठे सेल बाहेर असताना रॅम तोच सांभाळतो.

परीक्षेत माझे प्रोग्राम चालतील का?

त्या परीक्षेच्या नियमांत पाहा. चालतात असं धरून जाऊ नका. ८४ प्लसवर डावा बाण, उजवा बाण आणि ऑन एकत्र दाबले की परीक्षा मोड सुरू होतो आणि प्रोग्राम बंद होतात. पर्यवेक्षक तो तुमच्याकडून सुरू करून घेऊ शकतात. नंतर केबलने दुसऱ्या कॅल्क्युलेटरला किंवा कॉम्प्युटरला जोडून त्यातून बाहेर पडता येतं. तेव्हा आदल्या रात्री कॉम्प्युटरवर एक प्रत काढून ठेवा, आणि वर्गसमीकरणाचं सूत्र तोंडपाठ असू द्या.