कोड बरोबर असूनही मोटर स्टेप का चुकवते?

घरच्या संगणकाच्या पॅरलल पोर्टवरून स्टेपर मोटर (विजेच्या प्रत्येक पल्सला एक ठरावीक स्टेप फिरणारी मोटर) चालवणारा तुमचा कोड डीबगरमध्ये एकेक ओळ थांबवून पाहिला तर बिनचूक दिसतो, पण यंत्र चालू असताना मधूनच स्टेप चुकतात, असे तुम्ही विचारले आहे. थांबवून पाहिल्यावर ती चूक दिसणार नाही, कारण ती वेळेची आहे आणि डीबगर नेमकी वेळच थांबवतो. जागोजागी प्रिंट टाकण्याचा सल्लाही मानू नका. ११५२०० बॉडच्या सिरियल पोर्टवरून एक अक्षर जायला सुमारे ८७ मायक्रोसेकंद लागतात, आणि तेवढ्यात पल्सची वेळ टळते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या थोरल्या बंधूंचा फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न (ओतकामाच्या साच्यांचे नमुने) करण्याचा लहान कारखाना आहे. त्यांच्यासाठी मी घरी लिनक्ससीएनसीवर (यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालणारा राउटर, म्हणजे लाकूड कोरणारे यंत्र, बांधला. मोटरी १.८ अंशांच्या, मायक्रोस्टेपिंग १/८ (एका स्टेपचे आठ भाग) आणि बॉलस्क्रूचा पिच, म्हणजे एका फेरीत सरकणारे अंतर, ५ मिमी, म्हणजे एका मिलिमीटरला ३२० पल्स. मिनिटाला १५०० मिमी वेगाने दर १२५ मायक्रोसेकंदांना एक पल्स जावा लागतो. जुन्या संगणकावर यंत्र महिनाभर उत्तम चालले. मग दादांनी दुप्पट वेगाचा नवा संगणक आणला आणि पॅटर्न बिघडू लागले. संगणक इतका वेगवान असताना दोष तुझ्या कोडचाच, हे त्यांचे मत ठाम होते, आणि ते मला लागले.

तीन आठवडे मी कपलिंग (मोटर आणि स्क्रू जोडणारा भाग), केबल आणि ड्रायव्हर (मोटरला वीज देणारे सर्किट) बदलत राहिलो. शेवटी डायल गेज लावून प्रत्येक चूक मोजली, तेव्हा ती ०.१, ०.२ किंवा ०.३ मिमी निघाली, मधला आकडा एकदाही आला नाही. स्टेपर मोटरचा रोटर ताल चुकला की चार पूर्ण स्टेपच्या पटीतच मागे पडतो, आणि ५ मिमी पिचवर चार स्टेप म्हणजे बरोबर ०.१ मिमी. कपलिंग सैल असते किंवा माझे गणित चुकले असते, तर आकडे असे आले नसते.

लेटन्सी टेस्ट (संगणक ठरल्या वेळेपेक्षा किती उशीर करतो हे मोजणारी चाचणी) मी आधी दहाच मिनिटे चालवली होती आणि तिच्यात सर्वाधिक विलंब १५ मायक्रोसेकंद आला होता. या वेळी फायलींची नक्कल आणि व्हिडिओ चालू ठेवून ती रात्रभर चालवली, तेव्हा सकाळी १८० हा आकडा दिसला. बायोस, म्हणजे संगणकाच्या बोर्डावरचे मूळ सॉफ्टवेअर, प्रोसेसरला अधूनमधून स्वतःच्या कामासाठी थांबवतो. त्याला सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्ट म्हणतात, आणि तो चालू असताना रिअल-टाइम कर्नललाही (वेळ काटेकोर पाळणाऱ्या लिनक्सच्या गाभ्यालाही) काही करता येत नाही. बायोसमधील यूएसबी लेगसी सपोर्ट आणि वीज वाचवणाऱ्या सी-स्टेट बंद केल्यावर १८० चे ६० झाले, पण दर २५ मायक्रोसेकंदांनी चालून पल्स पाठवणाऱ्या बेस थ्रेडला तेही जास्तच. जुन्या, संथ संगणकावर तीच टेस्ट रात्रभर चालवून ११ आले. प्रोसेसरचा वेग आणि वेळेचा नेमकेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सरासरी विलंब कितीही चांगला असला तरी काम बिघडवतो तो सर्वांत वाईट विलंब, हे मी दादांना तेव्हापासून सांगत आलो आहे.

म्हणून तुम्हीही कोड उघडण्याआधी चूक मोजा आणि रात्रभराचा सर्वाधिक विलंब पाहा. सिग्नल पाहायचे असतील तर लिनक्ससीएनसीमधलाच हालस्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारे साधन) वापरा. मात्र प्रत्येक वेळी दिशा बदलताना थोडीथोडी चूक साचत असेल, तर कारण वेगळे आहे: ड्रायव्हरला दिशेचा सिग्नल पल्सच्या पुरेसा आधी मिळत नसावा. पल्स वेगळा मायक्रोकंट्रोलर देत असेल, तर संगणकाच्या विलंबाचा हा भाग तुम्हाला लागू नाही. ब्रशलेस मोटर असल्यास ब्रेकपॉइंट (कोड थांबवण्याची खूण) लावूच नका, कारण कोड थांबला तरी पीडब्ल्यूएम (मोटरला जाणारे चालू-बंद सिग्नल) चालू राहून मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) जळू शकतो. आणि सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्ट सरसकट बंद करू नका, कारण काही बोर्डांवर प्रोसेसरचे तापमान त्याच मार्गाने सांभाळले जाते.

आमचे यंत्र आजही जुन्याच संगणकावर चालते. नव्यावर दादा पॅटर्नची ड्रॉइंग काढतात.