‘विभेदन’ म्हणावे की ‘निबर होणे’?

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातून एका शिक्षकांनी विचारले आहे की, ‘त्वचापेशींचे विभेदन’ (म्हणजे पेशीने आपल्या ठरलेल्या कामासाठी खास रूप घेणे) याचा अर्थ मुलांनी ‘पेशी फुटून दोन होणे’ असा घेतला. तेव्हा त्याऐवजी आपल्याकडचे ‘निबर होणे’ चालेल काय?

मुलांचा घोटाळा स्वाभाविक आहे. ‘भिद्’ म्हणजे फोडणे, आणि शेजारी ‘विभाजन’ हा त्याच तोंडवळ्याचा शब्द. त्वचेत मात्र या दोन क्रियांचे जमत नाही: तळथरातील पेशींचे विभाजन होत असते, आणि त्या वर सरकू लागल्या की ते थांबून विभेदन सुरू होते. हा पालट घडवण्यात कॅल्शियमचा मोठा हात आहे. उंदराच्या त्वचापेशींवर १९८० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पोषकद्रवातील कॅल्शियम लिटरमागे ०.१ मिलिमोलहून कमी असेतोवर पेशी वाढत राहिल्या. ते वाढवताच त्या एकमेकींना चिकटून थर धरू लागल्या. अंगावरच्या त्वचेतही कॅल्शियम तळाशी कमी आणि वरच्या मृत थराच्या लगेच खाली सर्वाधिक असते. तेथे त्याच्या बळावर एक विकर (एन्झाइम) प्रथिनांना जणू टाके घालते आणि पेशीभोवती कडक कवच तयार होते.

भेंडीचे टोक बोटाने मोडून पाहावे. ते कट्कन तुटले नाही, तर भेंडी निबर. वाढ संपली, कोवळेपण गेले, रेषा बळावल्या. त्वचापेशीचेही असेच होते, फरक इतकाच की निबर भेंडी वाया जाते आणि पेशी निबर होऊनच कामाला येते. अशा पेशी तुराट्यांसारख्या दाटीने लागतात, त्यांच्या फटींत स्निग्ध पदार्थांचे लिंपण बसते आणि अंगाचा कूड उभा राहतो. (‘त्वचारोध’ या शब्दापेक्षा मला ‘कूड’ अधिक बोलका वाटतो.) वरचे लिंपण खरवडले गेले, तर खालच्या थरातील कॅल्शियम घटते आणि त्याच इशाऱ्यावर पेशी नवे लिंपण बाहेर टाकतात.

तरीही परिभाषेत ‘विभेदन’च ठेवावे, कारण चेतापेशीचेही विभेदन होते आणि ती काही निबर होत नाही. त्वचेचा धडा शिकवताना ‘निबर होणे’ खुशाल वापरावे. मात्र पराट्या (कपाशीची वाळकी झाडे) उपटून घट्टे पडलेल्या हातांनाही आपण निबरच म्हणतो, आणि तेथे घासणीने मृत थराची जाडी वाढलेली असते, हे मुलांना आधी सांगावे. खर्ऱ्याच्या (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाच्या) चुन्याने बोट उलते, त्याचा तर, चुना कॅल्शियमचाच असला तरी, विभेदनाशी संबंधच नाही. ती चुन्याच्या दाहकतेची करणी.